मागचे दोन स्पीकर नुसते शोभेचे झालेत?

प्रश्न : आमचा हॉल साधारण १२ बाय १६ फुटांचा. दिवाळीत डेनॉनचा ७.२ चॅनलचा एव्ही रिसीव्हर घेतला. त्याला सध्या पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडलाय. सेट-टॉप बॉक्स आणि फायर स्टिक टीव्हीला, आणि टीव्हीतून रिसीव्हरला ऑप्टिकल केबल, अशी जोडणी दुकानातल्या माणसाने करून दिली. सिनेमा कुठलाही लावा, मागचे स्पीकर जेमतेम कुजबुजतात. तक्रार केली तर ‘मल्टी चॅनल स्टिरिओ ठेवा, सगळे वाजतील’ म्हणाला. वाजतात खरे, पण मग पात्रं पाठीमागून बोलतात. रिमोटची बटणं दाबत गेलं की डॉल्बी सराउंड, न्यूरल एक्स, डायरेक्ट, रॉक अरीना अशी नावं येत राहतात. यातलं नेमकं काय ठेवायचं? शिवाय संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की हाणामारीला आतल्या खोलीत आई दचकून उठते. आणि अ‍ॅटमॉसचे छताचे स्पीकर घेतले नाहीत, म्हणजे चुकलंच का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रिसीव्हर बरा आहे आणि पैसेही वाया गेलेले नाहीत. तुमचं घोडं अडलंय ते ऑप्टिकल केबलपाशी. तेव्हा मोडची बटणं तूर्त बाजूला ठेवा आणि आधी रिमोटवरचं इन्फो बटण ओळखून घ्या.

रिसीव्हर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असला की ते दाबल्यावर टीव्हीवर एक पट्टी येते; नुसत्या ऑप्टिकलवर ती दिसत नाही, म्हणून पुढे सांगितलेली जोडणी झाली की बघा. तिच्यात दोन गोष्टी वाचायच्या. पहिली, सिग्नल कुठला येतोय : पीसीएम (न आवळलेला साधा डिजिटल आवाज), डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस वगैरे. दुसरी, फॉरमॅटपुढचे आकडे. ते ३/२/.१ असे दिसले तर आत येणाऱ्या आवाजात समोरचे तीन चॅनल, सराउंडचे दोन आणि सबवूफरसाठी राखलेला एक, असे सहा वेगवेगळे चॅनल आहेत. २/०/.० दिसलं तर फक्त डावा आणि उजवा. मागचं काही नाही, मधलं नाही, सबवूफरचं वेगळं नाही. तुमच्या रिसीव्हरकडे सध्या बहुधा पीसीएम आणि २/०/.० एवढंच येत असणार. असं असेल तर रिमोटवर काहीही दाबलंत तरी खरा ५.१, म्हणजे सहा चॅनलचा, आवाज मिळणार नाही, कारण तो रिसीव्हरपर्यंत आलेलाच नाही.

का आला नाही? नेटफ्लिक्स, प्राइम यांसारखी ॲप ५.१ आवाज साधारणपणे डॉल्बी डिजिटल प्लस या रूपात पाठवतात. ऑप्टिकल केबलच्या जोडणीत तो बसत नाही. तिच्यातून जातो दोन चॅनलचा पीसीएम, नाहीतर डीव्हीडीच्या काळातला साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१. म्हणजे टीव्हीने मधल्या मध्ये प्लसचा साधा डॉल्बी डिजिटल करून द्यायला हवा. काही टीव्ही करतात, काही करत नाहीत, आणि टीव्हीची डिजिटल आउटपुटची सेटिंग ‘पीसीएम’वर असेल तर करायचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा टीव्ही सहाचे दोन करतो. मधल्या चॅनलचे संवाद ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात निम्मे-निम्मे घालतो, सराउंडही तसेच कमी करून मिसळतो आणि सबवूफरचा खास चॅनल बहुतेक वेळा सरळ टाकून देतो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, मिसळ एकदा कालवली की तिच्यातली मटकी, फरसाण आणि तर्री पुन्हा जशीच्या तशी वेगळी करता येत नाही.

तर आधी केबल बदला. फायर स्टिक टीव्हीतून काढून रिसीव्हरच्या मागच्या एचडीएमआय इनपुटला लावा. मागे जागा अडचणीची असेल तर स्टिकसोबत आलेली वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर वापरा, आणि वीज तिच्या स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवरून द्या. सेट-टॉप बॉक्सही रिसीव्हरलाच. मग रिसीव्हरच्या ज्या एचडीएमआय आउटपुटवर आर्क किंवा ई-आर्क लिहिलंय तिथून एकच केबल टीव्हीच्या त्याच नावाच्या पोर्टमध्ये. टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टमध्ये घातलीत तर चित्र व्यवस्थित दिसेल, त्यामुळे चूक लक्षातही येणार नाही, पण टीव्हीच्या स्वतःच्या ॲपचा आवाज उलट रिसीव्हरकडे यायचा नाही. ऑप्टिकल केबल काढून कपाटात टाका.

यानंतर तीन ठिकाणची सेटिंग. रिसीव्हरमध्ये सेटअप, व्हिडिओ, एचडीएमआय सेटअप इथे जाऊन एचडीएमआय कंट्रोल आणि आर्क दोन्ही चालू करा. टीव्हीमध्ये आवाजाचं आउटपुट एचडीएमआय आर्क, आणि डिजिटल आउटपुटचा प्रकार ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’. कंपनीगणिक नाव बदलतं, पण पीसीएम नको एवढं बघा. फायर स्टिकमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साउंड्स, ऑडिओ, सराउंड साउंड या वाटेने जाऊन ‘बेस्ट अव्हेलेबल’ निवडा. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्येही स्टिरिओच्या ऐवजी डॉल्बी किंवा सराउंड असा पर्याय असेल तर तो घ्या. स्टिक रिसीव्हरला लावल्यावर ४के एचडीआर चित्र येईनासं झालं तर रिसीव्हरच्या त्याच व्हिडिओ मेनूत ‘४के सिग्नल फॉरमॅट’ स्टँडर्डवरून एनहान्स्ड करा. मग पडदा मधूनच काळा पडायला लागला तर केबल कमी क्षमतेची आहे. १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड केबल आणा.

आता एक सिनेमा लावून इन्फो दाबा. डॉल्बी डिजिटल प्लस आणि ३/२/.१ दिसलं की अर्धी लढाई जिंकली. दिसलं नाही तर ॲपमधली भाषा तपासा. एकाच सिनेमाचा मूळ भाषेतला ट्रॅक ५.१ आणि डब केलेला दोन चॅनलचा, असं होऊ शकतं. ॲपच्या भाषांच्या यादीत नावाशेजारी ५.१ लिहिलेलं असेल तो ट्रॅक निवडा. आणखी एक गोष्ट : काही बॉक्स आवाज स्वतःच उलगडून सहा सुटे चॅनल पीसीएममध्ये पाठवतात, ॲपल टीव्ही हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. तेव्हा रिसीव्हरवर डॉल्बीचं नाव न येता ‘मल्टी चॅनल इन’ येतं. डॉल्बी गेलं म्हणून घाबरू नका, आवाज तितकाच खरा ५.१ असतो. फक्त असा बॉक्स थेट रिसीव्हरला हवा. साध्या आर्कमधून सहा चॅनलचा पीसीएम जात नाही, त्याला ई-आर्क लागतं.

आता मोडकडे येऊ. रिमोटवर तुम्हाला दिसणाऱ्या नावांत तीन निराळ्या जातीची कामं एकाच पंगतीला बसवलेली आहेत, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिलं काम डिकोडिंग. बंद पाकिटातून आलेले सहा चॅनल उघडायचे आणि ज्याचा आवाज त्या स्पीकरला द्यायचा. डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रूएचडी, डीटीएस, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ही सगळी पाकिटांची नावं. इथे तुम्ही निवडण्यासारखं काही नसतं. पाकीट आलं की रिसीव्हर ते ओळखतो आणि उघडतो. साउंड मिक्स करणाऱ्याने मागे ठेवलेला पाऊस मागे, समोर ठेवलेला संवाद समोर.

दुसरं काम अपमिक्सिंग. आत दोनच चॅनल आलेत आणि स्पीकर पाच आहेत, मग त्या दोनांतून पाचांचा अंदाज बांधायचा. डॉल्बी सराउंड आणि डीटीएस न्यूरल एक्स हे अपमिक्सर. तिसरं काम निव्वळ इफेक्ट : मल्टी चॅनल स्टिरिओ, रॉक अरीना, जॅझ क्लब, मोनो मूव्ही वगैरे.

दुसऱ्या कामावर जरा थांबू, कारण तुमचा निम्मा वेळ त्याच्याच हाती जाणार आहे. दोन चॅनलमधून मधला आणि मागचा आवाज काढायची युक्ती जुनी आहे. सत्तरच्या दशकात सिनेमाच्या दोन ट्रॅकमध्ये चार चॅनल कोंबायची डॉल्बीची पद्धत आली. मधला आवाज दोन्ही ट्रॅकमध्ये सारख्या फेजने (म्हणजे आवाजाच्या लाटांचे चढ-उतार एकाच वेळी), ३ डेसिबल कमी करून टाकायचा; सराउंडचा आवाज दोन्हीत टाकायचा, पण एकमेकांच्या उलट्या फेजने. उलगडताना दोन्ही ट्रॅकची बेरीज केली की मधला वर येतो, वजाबाकी केली की मधला कटतो आणि सराउंड उरतो. १९८२ मध्ये हे तंत्र डॉल्बी सराउंड या नावाने घरांत आलं आणि १९८७ मध्ये प्रो लॉजिक. त्या प्रो लॉजिकचा मागचा चॅनल एकच होता आणि तोही ७ किलोहर्ट्झच्या वर कापलेला, म्हणून त्या काळच्या मागच्या स्पीकरांतून आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा यायचा. २००० च्या प्रो लॉजिक टूने मागचे दोन स्वतंत्र आणि पूर्ण पट्टीचे केले. २०१४ मध्ये अ‍ॅटमॉस घरात आलं त्याच्यासोबत नवा अपमिक्सर आला, आणि त्याला डॉल्बीने पुन्हा तेच नाव दिलं : डॉल्बी सराउंड. नाव देणाऱ्यांना दंडवत. तुमच्या रिमोटवर आहे तो हा नवा. तो आवाजाचे खर्जापासून तारापर्यंत वेगवेगळे पट्टे करून प्रत्येकाची बेरीज-वजाबाकी वेगळी पाहतो. त्यामुळे मधे माणूस बोलत असताना कडेला पक्षी ओरडला तर दोघांची ओढाताण होत नाही.

हे कानाने पटवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. सेट-टॉप बॉक्सवर एखादी साधी बातम्यांची वाहिनी लावा. इन्फोमध्ये २/०/.० आहे ना बघा, आणि मोड स्टिरिओ करा. टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरला कान लावा : गप्प. तरी सोफ्यावर बसल्यावर निवेदिकेचा आवाज बरोबर मधल्या जागेतून येतोय असं वाटतं, कारण दोन्हीकडे सारखाच आवाज आहे. सोफ्याच्या डाव्या टोकाला सरका, निवेदिकाही तुमच्याबरोबर डावीकडे सरकेल. आता डॉल्बी सराउंड करा. मधला स्पीकर बोलू लागेल, डावा-उजवा जवळजवळ मुके होतील, आणि कुठल्याही टोकाला बसलात तरी निवेदिका टीव्हीपाशीच राहील. मागच्या स्पीकरला कान लावा : बोलणं नाही, पण बातमीआधीची धून वाजली की तिचा पसारा तिथे ऐकू येईल. शेवटी मल्टी चॅनल स्टिरिओ : पाचही जण एकदम बातम्या देतायत. तुमची पात्रं पाठीमागून का बोलतात ते इथे कळेल. त्या मोडमध्ये डावा आवाज डावीकडच्या पुढच्या-मागच्या दोघांना, उजवा उजवीकडच्या दोघांना आणि दोन्हींची बेरीज मधल्याला जाते. वेगळं करणं नाहीच, नुसती वाटणी. गणपतीत आरतीच्या वेळी घरभर माणसं उभी असतात किंवा जेवणावळीत मागे गाणी लावायची असतात तेव्हा हा मोड उत्तम, कारण कुठेही उभं राहिलं तरी सारखंच ऐकू येतं. सिनेमाला मात्र तो लावू नका.

मराठी मालिका, बातम्या, यूट्यूब, दोन चॅनलचे सिनेमे, सगळ्यांना डॉल्बी सराउंड ठेवा. क्रिकेटला तर त्याची गंमत आहे. समालोचन दोन्ही चॅनलांत सारखं असतं म्हणून ते मधे येतं; प्रेक्षकांचा गलका दोन्ही बाजूंना वेगवेगळा टिपलेला असतो म्हणून तो बराचसा मागे जातो, आणि तुम्ही स्टँडात बसल्यासारखं होतं. जुने मराठी-हिंदी सिनेमे मोनो असतात : दोन्ही चॅनलांत तंतोतंत एकच आवाज, वजाबाकी शून्य. तेव्हा गाण्यासकट सगळं मधल्या एकट्या स्पीकरमधून येईल आणि बाकीचे चार निमूट बसतील. तो बिघाड नव्हे, बरोबर तसंच व्हायला हवं. एवढ्याशा मधल्या स्पीकरमधून गाणी ऐकवत नसतील तर त्यापुरतं स्टिरिओ करा. निव्वळ संगीताला आम्ही स्टिरिओच सुचवू. पाचांतून ऐकायची हौस असेल तर डॉल्बी सराउंड ठेवून सराउंड पॅरामीटरमधला ‘सेंटर स्प्रेड’ चालू करा. मधल्या स्पीकरकडे गोळा होणारा गायकाचा आवाज डाव्या-उजव्यातही पसरतो आणि समोरची रुंदी परत येते. सिनेमाला सेंटर स्प्रेड बंद, नाहीतर संवाद पसरट होतील.

न्यूरल एक्स त्याच कामाचा, पण स्वभावाने उतावळा. जास्त आवाज मागे ढकलतो. खेळांना, ॲक्शनला काहींना तो आवडतो. संवादप्रधान कथेत एखाद्या शब्दाचा ‘स’ किंवा ‘श’ मागे चमकून जातो आणि एकदा लक्षात आलं की सतत खुपतं. डॉल्बीचा सिग्नल चालू असताना तो यादीत दिसलाच नाही तर बिघाड समजू नका, काही मॉडेलांत तशी मर्यादाच घातलेली आहे.

अपमिक्सर कधी कधी साफ चुकतो, आणि दोष त्याचा नसतो. बेरीज-वजाबाकीवर चालणाऱ्या या यंत्राला फेज बिघडलेली चालत नाही. बॉक्समध्ये किंवा लॅपटॉपमध्ये ‘व्हर्च्युअल सराउंड’, ‘३डी साउंड’, ‘स्पेशियल’ असलं काही चालू असेल तर ते फेजशी खेळूनच परिणाम साधतं. वर तुमचा रिसीव्हर पुन्हा अंदाज बांधायला बसतो आणि संवाद मागच्या स्पीकरमध्ये जाऊन पडतात. असं झालं तर आधी ते बंद करा. एका ठिकाणीच शहाणपणा करू द्या, आणि ते ठिकाण रिसीव्हर.

खऱ्या ५.१ सिनेमाला काय ठेवायचं, हा प्रश्न आता उरत नाही. पॅनलवर नुसतं डॉल्बी डिजिटल प्लस किंवा डीटीएस दिसतंय तेवढं ठीक. त्यापुढे अधिकचं चिन्ह आणि डॉल्बी सराउंड जोडून आलं तरी तुमच्या पाच स्पीकरांवर फरक पडत नाही. पुढे छताचे स्पीकर जोडलेत तर त्यांच्यासाठी आवाज काढायला त्याचा उपयोग. आणि दोन चॅनलच्या मालिकेवर ‘डॉल्बी सराउंड’ झळकलं म्हणजे मालिका ५.१ मध्ये आली असं नाही. तो रिसीव्हरचा अंदाज. खरं काय आलंय ते इन्फोच सांगतं. डायरेक्ट आणि प्युअर डायरेक्टमध्ये टोन आणि ऑडिसीची (खोली मोजून आवाज सुधारणाऱ्या यंत्रणेची) दुरुस्ती बाजूला ठेवली जाते, प्युअरमध्ये पॅनलचा दिवाही मालवतो. लहान स्पीकर आणि १२ बाय १६ च्या खोलीत ती दुरुस्ती काढून टाकण्यात फायदा कमी, तोटा जास्त. रॉक अरीना एकदा ऐका, हसा आणि विसरा.

आता आई दचकून उठण्याचं. सिनेमाच्या आवाजात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर थिएटरच्या हिशेबाने ठेवलेलं असतं. डेनॉनच्या ० ते ९८ च्या पट्टीवर ८० म्हणजे तो थिएटरचा हिशेब. घरात आपण ५० ते ५५ वर ऐकतो, म्हणजे २५ ते ३० डेसिबल खाली. मग कुजबुज डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजाखाली जाते, ती ऐकायला आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच मिनिटाला स्फोट होतो. तीन उपाय आहेत, याच क्रमाने करा.

ऑप्शन बटण दाबून चॅनल लेव्हल अ‍ॅडजस्टमध्ये मधला स्पीकर २ ते ३ डेसिबलने वाढवा. ४ च्या पुढे गेलात तर संवाद चित्राच्या पुढे येऊन बसल्यासारखे वाटतात. दोन चॅनलच्या कार्यक्रमालाही याचा फायदा होतो, पण मोड डॉल्बी सराउंड असला तरच; स्टिरिओत मधला स्पीकर वाजतच नाही तर वाढवणार काय! दुसरा उपाय, डॉल्बी किंवा डीटीएस येत असताना सेटअप, ऑडिओ, सराउंड पॅरामीटरमध्ये ‘डायनॅमिक कॉम्प्रेशन’. रात्री मीडियम किंवा हाय, दिवसा बंद. मोठा आवाज दाबून लहान वर आणणं एवढंच ते करतं. पीसीएमच्या दोन चॅनलला हा पर्याय लागू होत नाही, तिथे तिसरा उपाय : ऑडिसी मेनूतला ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’, लाइटपासून सुरुवात करा. दोन्ही एकदम चालू करू नका, संगीत श्वास कोंडल्यासारखं वर-खाली होऊ लागतं. त्याच मेनूतला ‘डायनॅमिक ईक्यू’ चालू असेल तर तो कमी आवाजात खर्ज आणि मागचे स्पीकर आपोआप वाढवतो. टीव्हीच्या कार्यक्रमांना ते जास्त होतं, म्हणून त्याखालचा ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ १० किंवा १५ डेसिबल ठेवा. सिनेमाला ०.

हे सगळं खोलीचं मोजमाप नीट झालं असेल तरच. रिसीव्हरसोबत छोट्या मनोऱ्यासारखा माइक आला असेल. दुकानातल्या माणसाने तो हातात धरून काम उरकलं असेल तर मोजमाप पुन्हा करा. पंखा, एसी बंद, फ्रिज शेजारी असेल तर तोही थोडा वेळ बंद. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून वीतभर तरी पुढे. सुरुवातीला सबवूफरच्या मागचं बटण फिरवून आवाज ७५ डेसिबलच्या आसपास आणायला रिसीव्हर सांगतो, ते टाळू नका. मोजमाप संपलं की स्पीकर मेनूत चार गोष्टी हाताने तपासा. सराउंड बॅक ‘नन’ आहे का? नसलेले स्पीकर आहेत असं रिसीव्हरला वाटत राहिलं तर त्यांच्या वाट्याचा आवाज हवेत जातो. समोरचे स्पीकर ‘लार्ज’ लागले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ ठेवा. अगदी लहान सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० ते १२०. सबवूफर मोड ‘एलएफई’ (सबवूफरचा राखीव चॅनल), त्याला ‘अधिक मेन’ जोडू नका. सबवूफरचं अंतर फूट-दोन फूट जास्त दाखवत असेल तर तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या यंत्रणेला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

मागच्या स्पीकरांची जागाही बघा. सोफ्यावर बसून टीव्हीकडे तोंड केलंत, टीव्ही म्हणजे घड्याळातले बारा, तर उजवा सराउंड तीन आणि चारच्या मध्ये चारला जवळ आणि डावा आठ आणि नऊच्या मध्ये आठला जवळ हवा. अंशांत सांगायचं तर समोरून ११०. उंची कानाच्या वर फूट-दोन फूट. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आपल्या हॉलांत तो असतोच, तर मागच्या भिंतीवर डोक्यामागे खिळे ठोकण्यापेक्षा बाजूच्या भिंतींवर लावा. शक्य झालं तर सोफा दीड-दोन फूट पुढे ओढा. मागे जागा मिळाली की फरक ताबडतोब ऐकू येतो. आणि चांगला ५.१ सिनेमा चालू असतानाही मागचे स्पीकर बराच वेळ शांत राहतात हे धरून चला. दोन माणसं बंद खोलीत बोलत असतील तर मागून यायला आहेच काय?

राहिला अ‍ॅटमॉसचा प्रश्न. ॲपवरचा अ‍ॅटमॉस ट्रॅक डॉल्बी डिजिटल प्लसच्याच पाकिटात येतो. छताचे स्पीकर नसतील तर वरचे आवाज खालच्या पाचांत मिसळून मिळतात, सिनेमातलं काहीही गाळलं जात नाही. तुमचा रिसीव्हर ७.२ चा असल्याने मोकळ्या दोन चॅनलवर पुढे छताची एक जोडी लावता येईल, म्हणजे ५.१.२. पण छत खोदण्याआधी वरची जोडणी महिनाभर ऐका. मेनूत ‘स्पीकर व्हर्च्युअलायझर’ नावाची सोय दिसेल, ती वरच्या स्पीकरांचा आभास पाचांतूनच देते. एक सिनेमा चालू-बंद करून ऐकून ठरवा. आम्ही ती बंद ठेवू, कारण समोरच्या आवाजांची नेमकी जागा तिच्यामुळे थोडी सैल होते.

सगळं मनासारखं झालं की ते रिमोटवर साठवून ठेवा. क्विक सिलेक्टची चार बटणं आहेत. सेट-टॉप बॉक्स, डॉल्बी सराउंड आणि आईला सोसेल असा आवाज लावून पहिलं बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून धरा. दुसऱ्यावर फायर स्टिक आणि सिनेमाचा आवाज. तिसऱ्यावर गाणी, स्टिरिओत. चौथं मोकळं ठेवलंत तर गणपतीच्या आदल्या दिवशी मल्टी चॅनल स्टिरिओ त्यावर टाकता येईल.